फोन उचलला जाईपर्यंत

पॅनेलवर चौसष्ट बटणं होती. प्रत्येक बटणाशेजारी मुगाएवढा लाल दिवा आणि नाव लिहायला कागदाची अरुंद पट्टी. कंपनीने छापून दिलेल्या पट्ट्या केव्हाच दिसेनाशा झाल्या होत्या. त्यांच्यावर बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या आणि चिठ्ठ्यांवर पुन्हा पेन्सिलीची बारीक टिपणं. ‘एक्स-रे : 2 नंतर 43 ला.’ ‘मेट्रन : राउंडला असतील तर वॉर्ड 3.’ ‘लॅब : रिंग भरपूर द्या, उचलतात.’ पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयातलं जुनं ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरचे फोन आतल्या एक्स्टेन्शनना जोडणारं यंत्र, काढून नवं बसवायला मी गेलो होतो. जिन्याखालच्या खोलीत बोर्डवर बसणाऱ्या ताईंनी काम सुरू करण्याआधी एकच गोष्ट सांगितली, ‘‘दादा, त्या पट्ट्या फेकू नका हं. सगळ्या सोडवून माझ्याकडे द्या. परत लिहायला मला वर्ष जाईल.’’

त्या दिवशी मला त्याचं महत्त्व कळलं नाही. नव्या कन्सोलला स्क्रीन होता, नावं त्यावर उमटणार होती. आठवड्याने बिलाच्या कामासाठी पुन्हा गेलो, तर ताईंनी त्या जुन्या पट्ट्या एका पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवल्या होत्या आणि तो पुठ्ठा नव्या कन्सोलला टेकवून उभा केला होता. स्क्रीनवर ‘एक्स-रे 41’ एवढंच येत होतं. दोननंतर तिथला माणूस दुसऱ्या खोलीत बसतो, ही गोष्ट मशीनमध्ये भरायला जागाच नव्हती.

ईपीएबीएक्स बसवण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या कामात माझी अठरा वर्षं गेली. कारखाने, बँका, शाळा, हॉटेलं, सरकारी कचेऱ्या, सगळीकडे गिऱ्हाईक एक प्रश्न विचारायचंच. सुरुवातीला तो ‘ऑपरेटर एक ठेवू की दोन’ असा असायचा. पुढे ‘ऑपरेटर ठेवू की ऑटो-अटेंडंट लावू’ असा झाला. आता ‘लँडलाईन तरी कशाला, सगळ्यांकडे मोबाईल आहेत’ इथवर आला आहे. तिन्ही प्रश्न पैशांचे आहेत आणि त्यात गैर काही नाही. पण त्याआधी दुसरं काही विचारायला हवं असं मला अनुभवाने वाटू लागलं. बाहेरून आलेला फोन आत कुणीतरी उचलेपर्यंत कुणाच्या ताब्यात असतो? ऑपरेटरच्या कन्सोलचा सगळा इतिहास आणि त्यावरचं प्रत्येक बटण या एका प्रश्नाला लावून बघता येतं. या लेखात तेच करतो आहे.

पहिलं व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज 28 जानेवारी 1878 रोजी अमेरिकेत न्यू हेवन इथे सुरू झालं. वर्गणीदार होते 21. बरोबर चार वर्षांनी, 28 जानेवारी 1882 रोजी, कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या एक्स्चेंजांची रीतसर घोषणा झाली. अमेरिकेत सुरुवातीला बोर्डवर पोरसवदा मुलगे बसवले होते. तारखात्यातून आलेली ही मुलं चपळ होती, पण गिऱ्हाइकाशी उद्धट बोलायची. मग 1 सप्टेंबर 1878 रोजी बोस्टनमध्ये एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर रुजू झाली आणि पुढे तेहतीस वर्षं तिने ते काम केलं. बोर्डवर स्त्रिया बसण्याची जगभरची रीत तिथून पडली.

त्याच काळातली लोवेल गावची हकिगत मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावात 1879 च्या सुमारास गोवराची साथ आली. तोवर लोक नंबर सांगत नसत, नाव सांगत. कुणाची तार कुठल्या भोकात आहे हे ऑपरेटरना पाठ असे. गावात चारच ऑपरेटर होते. ते चौघं एकदम आजारी पडले तर नव्या माणसाला बोर्ड चालवताच येणार नाही, अशी चिंता मोझेस ग्रीली पार्कर नावाच्या डॉक्टरांना वाटली आणि वर्गणीदारांना नंबर द्यावेत असं त्यांनी सुचवलं. टेलिफोन नंबरचा जन्म असा ऑपरेटरच्या डोक्यातली माहिती कागदावर उतरवण्यासाठी झाला. जिन्याखालच्या त्या पट्ट्यांकडे मी आता याच नजरेने बघतो.

दोरीच्या बोर्डची रचना एकदा नीट समजून घेण्यासारखी आहे. ऑपरेटरपुढे उभ्या फळीवर भोकांच्या ओळी, म्हणजे जॅक. खाली टेबलावर दोऱ्यांच्या जोड्या, टोकाला पितळी प्लग. बाहेरचा फोन आला की त्या लाईनचा दिवा लागे. ऑपरेटर मागची दोरी त्यात खुपसून विचारे, कोण हवं. मग पुढच्या दोरीचं टोक हव्या त्या जॅकच्या कडेला नुसतं टेकवून बघे. कानात टक्क असा आवाज आला तर लाईन एंगेज, नाही आला तर मोकळी. मोकळी असेल तर प्लग आत आणि घंटीची चावी पुढे. प्रत्येक दोरीला टेबलावर स्वतःचा एक दिवा असे. पलीकडच्याने फोन उचलेपर्यंत पुढच्या दोरीचा दिवा पेटलेला राही, उचलला की विझे, ठेवला की परत लागे. त्यामुळे दिवा पेटलेला आहे तोवर हे काम पुरं झालेलं नाही, हे ऑपरेटरला कुणी सांगावं लागत नसे. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या बोर्डने दिव्यातच लिहून ठेवलं होतं. फोन उचलला जाईपर्यंत तो ऑपरेटरचा.

कचेऱ्यांमध्ये हीच रचना लहान आकारात आली. तिला पीबीएक्स म्हणत. पुढे यंत्राने जोडणी करण्याचं तंत्र आलं. अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या अल्मन स्ट्रॉउजर यांनी ते शोधलं आणि 1891 साली पेटंट घेतलं. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्यांचा संशय होता, असं सांगतात. भारतात पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज 1913-14 मध्ये सिमल्याला बसलं. शहराबाहेरचा फोन मात्र पुढची कित्येक वर्षं ट्रंक बुक करूनच लावावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग हे शब्द आजही घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. पहिली एसटीडी 1960 मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये सुरू झाली. आमच्या धंद्याला खरी चालना दिली ती ऑगस्ट 1984 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने. 1986 मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला त्यांचं 128 पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज उभं राहिलं आणि त्याच घराण्यातला कचेऱ्यांसाठीचा पीबीएक्स देशातल्या अनेक कारखान्यांनी बनवायला घेतला. ईपीएबीएक्स हे लांबलचक नाव आपल्याकडे त्या सुमारास घरोघरी पोचलं.

आता कन्सोल. साध्या फोनपेक्षा त्यात दोन गोष्टी जास्त असतात. एक, प्रत्येक एक्स्टेन्शनसाठी वेगळं बटण, म्हणजे नंबर फिरवायला नको. दोन, त्या बटणाचा दिवा. कोण बोलतंय, कुणाचा फोन वाजतोय, कुणी ‘डिस्टर्ब करू नका’ लावलंय, हे एका नजरेत कळतं. चांगली ऑपरेटर फोन घेतानाच डोळ्याने पॅनेल चाळते आणि ‘साहेब बोलतायत दुसऱ्या लाईनवर’ हे वाक्य समोरच्याने नाव सांगून संपवायच्या आत तिच्या तोंडावर असतं.

फोन पुढे देण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत ऑपरेटर बाहेरच्याला होल्डवर ठेवते, आत फोन लावते, आतला माणूस बोलला की सांगते, ‘‘सर, सोलापूरहून पाटील आहेत, कालच्या रिपोर्टबद्दल,’’ आणि मग जोडून देते. दुसरीत ती ट्रान्सफर दाबते, एक्स्टेन्शन दाबते आणि हात काढून घेते. आमच्या भाषेत हिला ब्लाइंड ट्रान्सफर म्हणतात. ब्लाइंड ट्रान्सफरला पाच सेकंद लागतात, विचारून जोडायला वीस-पंचवीस. गर्दीच्या वेळी दुसरी रीत वापरावीच लागते, त्याबद्दल मी कुठल्याही ऑपरेटरला दोष देणार नाही. मात्र तिची सुरक्षितता एका गोष्टीवर टांगलेली असते, ती म्हणजे रिकॉल. ठरावीक सेकंदांत आत कुणी फोन उचलला नाही, तर तो आपोआप कन्सोलवर परत यायला हवा. येताना कुठून परत आला हेही स्क्रीनवर दिसायला हवं, म्हणजे ऑपरेटर ‘नमस्कार, कोण हवंय’ असं पहिल्यापासून न विचारता ‘अकाउंट्समध्ये कुणी उचलत नाहीये, निरोप घेऊ का’ असं विचारू शकते. दोरीच्या बोर्डचा तो पेटलेला दिवा ईपीएबीएक्समध्ये या रिकॉलच्या रूपाने उरला आहे.

या रिकॉलबाबतची एक चूक माझ्या हातून झाली आहे. भोसरीच्या एका कारखान्यात ऑपरेटर बाईंची तक्रार होती की फोन सारखे परत येतात, नवे फोन घेता येत नाहीत. व्यवस्थापकांनी मला सांगितलं, ‘‘हे परत येणं बंद करून टाका.’’ प्रोग्रामिंगमध्ये दोन मिनिटांचं काम होतं, मी ते करून टाकलं. परत न येणारा फोन मग वाजत राहतो आणि समोरचा कंटाळून ठेवतो, एवढंच होईल असं मी धरून चाललो. तिसऱ्या आठवड्यात शॉप फ्लोअरवरच्या एका कामगाराच्या घरून फोन आला, बायकोला दवाखान्यात हलवलं आहे म्हणून. ऑपरेटरने तो शॉप फ्लोअरला टाकला. प्रेसच्या आवाजात तिथली घंटी कुणाला ऐकू गेली नाही. घरच्यांनी तीनदा केला, तिन्ही वेळा तसंच झालं. कामगाराला शिफ्ट सुटल्यावर कळलं. त्याची बायको वाचली, पण तो कारखान्याच्या दारात किती वेळ नुसता उभा होता, हे नंतर ऑपरेटर बाईंनी मला सांगितलं. त्याच दिवशी जाऊन मी रिकॉल पूर्ववत केला आणि शॉप फ्लोअरला फिरता दिवा असलेली मोठी घंटी बसवून दिली. फोन सारखे परत येत होते, याचा अर्थ आत उचलायला माणूस नव्हता. ती तक्रार कन्सोलची नव्हती आणि हे मला ऐकतानाच कळायला हवं होतं.

बाकीची बटणं थोडक्यात. कॅम्प-ऑन म्हणजे आतला बोलत असेल तर बाहेरच्याला त्याच्या दाराशी रांगेत उभं करणं. उपयोगी आहे, पण आधी विचारल्याशिवाय करू नये. पार्क म्हणजे फोन एका क्रमांकावर ठेवून द्यायचा आणि स्पीकरवरून पुकारा करायचा, डॉक्टर जिथे असतील तिथून घेतात. रुग्णालयांत आणि गोदामांत याला तोड नाही. चालू बोलण्यात शिरण्याचं बटणही असतं. शिरताना दोन्ही बाजूंना टोन ऐकू जातो की नाही हे बसवतानाच तपासून घ्यावं, टोनशिवाय शिरणं म्हणजे चोरून ऐकणं. होल्डवरचं संगीत अमेरिकेतल्या अल्फ्रेड लेव्ही यांनी शोधलं. त्यांच्या कारखान्यात एक सुटी तार लोखंडी तुळईला लागली आणि शेजारच्या रेडिओ केंद्राचं गाणं फोनच्या लाईनवर ऐकू येऊ लागलं. 1966 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. संगीताचा खरा उपयोग एवढाच की लाईन कटलेली नाही हे समोरच्याला कळतं. दर तीस सेकंदांनी माणसाचा आवाज येणं त्याहून चांगलं.

एक ऑपरेटर की दोन, या पहिल्या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वीचं चोख उत्तर आहे आणि आपल्याकडे ते फारसं कुणी वापरत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग या गणितज्ञाने 1909 मध्ये फोन येण्याच्या अनियमितपणाचं गणित मांडलं आणि 1917 मध्ये त्याची सूत्रं दिली. फोन रांगेने, सारख्या अंतराने येत नाहीत. एकदम चार येतात, मग पाच मिनिटं शांतता. त्यामुळे सरासरीवर हिशेब केला की तो चुकतो.

एक उदाहरण घेऊ. तासाला 60 फोन, प्रत्येकाला सरासरी 30 सेकंद. म्हणजे तासातली 30 मिनिटं काम, 30 मिनिटं रिकामी. व्यवस्थापक म्हणतात, बाई अर्धा वेळ बसून असतात. एरलांगच्या हिशेबाने मात्र अशा बोर्डवर निम्म्या फोनना थांबावं लागतं आणि सगळे फोन धरले तर सरासरी थांबणं 30 सेकंदांचं येतं. आता सोमवारी सकाळी तासाला 100 फोन आले. काम 50 मिनिटांचं झालं, अजूनही दहा मिनिटं रिकामी दिसतात. पण सहापैकी पाच फोनना थांबावं लागतं आणि सरासरी थांबणं 30 सेकंदांवरून 150 सेकंदांवर जातं. फोन दीडपटीपेक्षा थोडे जास्त झाले, थांबणं पाचपट झालं. त्याच वेळी दुसरी ऑपरेटर बसली तर चारांतल्या एकालाच थांबावं लागतं. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगत आलो की दुसरी ऑपरेटर दिवसभर ठेवू नका, सकाळी दहा ते साडेबारा ठेवा. रिसेप्शनवर किंवा अकाउंट्समध्ये दुसरा कन्सोल जोडून तिथल्या माणसाला तेवढ्या वेळापुरतं शिकवून तयार करा. ज्यांनी ऐकलं त्यांच्याकडच्या तक्रारी खरोखर थांबल्या.

ऑटो-अटेंडंट, म्हणजे ‘अमक्यासाठी एक दाबा’ म्हणणारा आवाज, मला वाईट वाटत नाही. ज्याला एक्स्टेन्शन नंबर माहीत आहे त्याच्यासाठी तो ऑपरेटरपेक्षा जलद आहे आणि रात्री तीन वाजताही जागा असतो. बिघाड होतो तो लावण्याच्या पद्धतीत. आवाज लावताना दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. फोन करणाऱ्याने काहीच दाबलं नाही तर काय? आणि दाबलेल्या ठिकाणी कुणी उचललं नाही तर काय? अनेक ठिकाणी पहिल्याचं उत्तर ‘फोन तोडा’ असं ठेवलेलं असतं, कारण मशीन तसंच आलं आणि कुणी बदललं नाही. काहीच न दाबणारा माणूस बहुधा म्हातारा असतो, घाबरलेला असतो किंवा त्याला ती भाषा कळलेली नसते. महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या गावी रुग्णालयाचा आवाज आधी इंग्रजीत दीड मिनिट बोलतो आणि मराठी तिसऱ्या बटणावर असते, हे मी स्वतः ऐकलं आहे. मराठी पहिली हवी. पर्याय चारांपेक्षा जास्त नसावेत. आणि काहीच न दाबणारा प्रत्येक फोन माणसाकडे गेला पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर.

टेलिफोन ऑपरेटरच्या जागेवर दृष्टिहीन माणसं मोठ्या प्रमाणावर काम करत आली, विशेषतः बँकांमध्ये आणि सरकारी कचेऱ्यांमध्ये. 1995 च्या कायद्याने अपंगांसाठी तीन टक्के जागा राखल्या, 2016 च्या कायद्याने त्या चार टक्के केल्या, त्यांतला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. कायद्याच्या आधीपासूनही हे काम त्यांचं म्हणून ओळखलं जात होतं. मुंबईतल्या एका बँकेच्या कचेरीत असे एक ऑपरेटर होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांच्याकडे साडेतीनशे एक्स्टेन्शनं होती आणि ब्रेलमधली यादी खणात होती, पण ती काढताना मी त्यांना फार क्वचित पाहिलं. पॅनेलचे दिवे त्यांच्या उपयोगाचे नव्हते. त्यांनी दर पाचव्या बटणावर फेव्हिकॉलचा एक थेंब वाळवून घेतला होता, बोटाने ओळ मोजायला. आतली लाईन एंगेज आहे का हे ते टोनवरून ओळखायचे आणि बाहेरचा फोन कुठल्या ट्रंकवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या कुठल्या लाईनवर आलाय हे घंटीच्या लयीवरून, कारण आम्ही त्यांना प्रत्येक गटासाठी वेगळी लय लावून दिली होती. बोलणाऱ्याचा आवाज दुसऱ्या वेळी ऐकला की नाव घेऊन नमस्कार करायचे.

मग बँकेने काचेच्या पडद्याचा कन्सोल मागवला. त्यावर उंचवटा नाही, बटण नाही, बोटाला काही लागतच नाही. काकांना तीन महिने नुसतं बसून काढावे लागले. हे घडलं याचा मला आजही राग आहे आणि त्यातला काही माझ्यावरच आहे, कारण ऑर्डर निघण्याआधी ते मॉडेल मी पाहिलं होतं आणि बोललो नव्हतो. शेवटी तोडगा निघाला. संगणकावर चालणारा कन्सोल घेतला, ज्याची सगळी कामं कीबोर्डवरून होत होती, आणि त्याला एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा, फुकट मिळणारा प्रोग्राम जोडला. एका कानात गिऱ्हाईक, दुसऱ्या कानात पडद्याचा आवाज, असे काका पुन्हा कामाला लागले. कन्सोल निवडताना ‘डोळे मिटून तो चालवता येतो का’ ही कसोटी मी तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी लावली. डोळस ऑपरेटरलाही तोच कन्सोल सोयीचा ठरतो, कारण तिचे डोळेही समोर उभ्या असलेल्या माणसाकडे असतात.

आता आणीबाणी. 2013 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत टेक्ससमधल्या मार्शल गावच्या एका मोटेलच्या खोलीत कॅरी हंट या स्त्रीचा खून झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने 911 हा नंबर चार वेळा लावला, तो लागला नाही, कारण बाहेरच्या लाईनसाठी आधी आणखी एक 9 दाबावा लागत होता आणि ते त्या पोरीला ठाऊक नव्हतं. कॅरीच्या वडिलांनी पाठपुरावा केला आणि 2018 मध्ये ‘कॅरीज लॉ’ झाला. फेब्रुवारी 2020 नंतर तिथे बसवलेल्या अशा प्रत्येक फोन व्यवस्थेतून आणीबाणीचा नंबर आधी काहीही न दाबता लागला पाहिजे आणि त्याच क्षणी रिसेप्शनसारख्या ठिकाणी सूचनाही गेली पाहिजे.

आपल्या कचेऱ्यांत काय स्थिती आहे ते उद्या तपासून बघा. बहुतेक ईपीएबीएक्समध्ये बाहेरच्या लाईनसाठी आधी 0 लागतो. त्यात अनेक ठिकाणी एक्स्टेन्शनं 101 पासून सुरू होतात. म्हणजे हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसासाठी घाईने 108 लावला, तर फोन वाजतो खरेदी विभागात. 101 ला अग्निशमन दल हवं असतं, तिथे साहेबांचे पीए असतात. उपाय सोपा आहे. एक्स्टेन्शनं 2 किंवा त्यापुढच्या आकड्याने सुरू करायची आणि 112, 108, 101 हे नंबर थेट बाहेर सोडायचे. अर्ध्या तासाचं काम आहे. माझ्या ओळखीच्या सगळ्या तंत्रज्ञांना मी हे न मागता करायला सांगतो. वीज गेल्यावर एक ट्रंक लाईन थेट एखाद्या साध्या फोनवर पडेल अशी सोयही बहुतेक मशीनमध्ये असते. तो साधा फोन कुठे ठेवलाय हे मात्र तिथल्या वॉचमनला माहीत हवं.

आणि ऑपरेटर स्वतः? 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या ताजमध्ये अतिरेकी शिरले, तेव्हा हॉटेलच्या टेलिफोन ऑपरेटरनी खोल्याखोल्यांत फोन करून पाहुण्यांना दारं आतून लावायला, दिवे मालवायला, बाहेर न यायला सांगितलं. कुठल्या खोलीत कोण आहे आणि तिथे घंटी कशी पोचवायची, हे त्या इमारतीत त्यांच्या हातात होतं. कन्सोलच्या कामाची मोजदाद करताना ती रात्र माझ्या डोळ्यापुढून हलत नाही.

शेवटचा टप्पा इंटरनेटवरच्या फोनचा. पीआरआय नावाच्या डिजिटल लाईनच्या एका जोडणीवर 30 जण एका वेळी बोलू शकत आणि प्रत्येक टेबलाला स्वतःचा थेट नंबर देता येई. आता तेही मागे पडून व्यवस्था इंटरनेटवर गेली आहे. कन्सोल म्हणजे संगणकावरची एक खिडकी झाली. 2021 च्या जूनमध्ये केंद्र सरकारने कॉल सेंटरसारख्या आस्थापनांचे नियम सैल केले, तेव्हापासून त्यांचं ईपीएबीएक्स कुठेही असलं तरी चालतं. नागपूरची ऑपरेटर घरी बसून मुंबईच्या कचेरीचा फोन जोडू शकते. यातलं पुष्कळ चांगलं आहे, विशेषतः लहान मुलं घरी असलेल्या बायांसाठी. पण थेट नंबर दिले तिथे फोन रिकाम्या टेबलावर वाजत राहतो आणि न उचललेला फोन ऑपरेटरकडे वळवायची आठवण फार थोड्यांना होते. मोबाईलचं आणखी वेगळं. साहेबांचा नंबर लोकांकडे असतो, साहेब बदलून गेले की लोकांचे फोनही त्यांच्यामागे जातात आणि कचेरीला कळतसुद्धा नाही की कुणी विचारत होतं.

कुणी नवी व्यवस्था घेणार असेल, तर दुकानदाराने दाखवलेली शंभर वैशिष्ट्यं बाजूला ठेवून एक तास प्रत्यक्ष फोन करून बघावा. बाहेरून फोन करायचा, रिकाम्या खोलीचं एक्स्टेन्शन मागायचं आणि गप्प ऐकत राहायचं. फोन परत येतो का, किती सेकंदांनी येतो, आल्यावर समोरून काय विचारतात. जेवणाच्या सुट्टीत एकदा, कचेरी बंद झाल्यावर एकदा. माझ्या लेखी याहून चांगली परीक्षा नाही.

रुग्णालयातल्या त्या ताईंकडे मी पुढे वर्षातून दोनदा देखभालीसाठी जात असे. एकदा संध्याकाळी साडेसातला त्यांच्या शेजारी बसून बॅटरी तपासत होतो. कन्सोलवर एक फोन परत आला, वॉर्ड 3 मधून. त्यांनी पुठ्ठ्याकडे एकदा पाहिलं आणि उचलला. ‘‘काका, आहात ना लाईनवर? वर कुणी उचलत नाहीये, औषधांची वेळ आहे ना ही. ठेवू नका हं.’’ होल्डचं बटण दाबून त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि दाराबाहेर बसलेल्या वॉर्डबॉयला म्हणाल्या, ‘‘अरे, पळत वर जा आणि सिस्टरांना सांग, सात नंबरच्या आजींच्या घरचा फोन आहे.’’ मग परत बसल्या. सिस्टरांनी वर फोन घेऊन पॅनेलचा दिवा बदलेपर्यंत त्यांचं बोट त्या बटणावरच होतं.